रस्त्याची रेघ आणि कापसाचा भाव



अकोला आणि अकोट ही दोन्ही कापसाची गावे. दोन्हीकडे बाजार समिती, दोन्हीकडे जिनिंग, दोन्हीकडे अडते, हमाल आणि मापारी. मध्ये अंतर सुमारे 45 किलोमीटरचे आणि मध्ये पूर्णा नदी. अकोल्याहून निघालेला रस्ता गांधीग्रामला पूर्णा ओलांडतो आणि चोहोट्टा बाजारावरून अकोटला जातो. श्रावणात राजराजेश्वराला कावडीने पूर्णेचे पाणी नेतात ते ह्याच रस्त्याने. सरकारी कागदावर त्याला आता राष्ट्रीय महामार्ग 161अ असे भारदस्त नाव आहे.

ऑक्टोबर 2022 मध्ये, ऐन दिवाळीच्या तोंडावर, गांधीग्रामच्या ब्रिटिश अमदानीतल्या पुलाला तडे गेल्याचे आढळले आणि पूल वाहतुकीला बंद झाला. महामार्गाचे दोन तुकडे झाले, एक नदीच्या अलीकडे आणि एक पलीकडे. ऑक्टोबर म्हणजे कोणता महिना हे आपल्याला सांगायला नको. सीतादही होते, पहिली वेचणी घरात येते, दिवाळीला पोराबाळांच्या अंगावर कपडा घालायला चार चुंगडी बाजारात न्यावी लागतात. त्या महिन्यात नदीपलीकडच्या शेतकऱ्याचा अकोल्याचा बाजार तुटला आणि अलीकडच्याचा अकोटचा. मोठ्या गाडीला पूर्वेकडून दर्यापूरचा नाहीतर पश्चिमेकडून शेगावच्या बाजूचा वळसा पडला. लहान गाड्या आडवाटेने कशाबशा जात राहिल्या.

पूल म्हातारा झाला होता, तडा जाणारच. तडा दिसल्यावर पूल बंद केला हेही योग्यच झाले. माणसे नदीत पडण्यापेक्षा ते बरे. आमची तक्रार पूल बंद करणाऱ्यावर नाही. आमची तक्रार अशी की त्याच वर्षाच्या जून महिन्यात, 3 ते 7 तारखेदरम्यान, अमरावती ते अकोला महामार्गावर 105 तास 33 मिनिटांत 75 किलोमीटर डांबर अंथरले गेले आणि त्याचा गिनेस बुकात जागतिक विक्रम नोंदला गेला. फोटो छापून आले, पेढे वाटले गेले. आणि पूल बंद झाल्यावर दोन महिने उलटत नाहीत तोच, 11 डिसेंबर 2022 ला, समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरचा टप्पा सुरू झाला. म्हणजे डांबर होते, यंत्रे होती, इंजिनिअर होते, पैसा होता आणि घाईसुद्धा होती. फक्त गांधीग्रामची घाई कोणाला नव्हती. ज्या पुलावरून आपला कापूस जातो त्याचे वय काही एका रात्रीत वाढलेले नव्हते. शेजारी दुसरा पूल उभा करायला वर्षानुवर्षे हातात होती.

हा नुसता गैरसोयीचा प्रश्न असता तर आम्ही पत्रकात त्यावर इतकी जागा खर्च केली नसती. गैरसोयीची आपल्याला सवय आहे. हा भावाचा प्रश्न आहे, आणि तो कसा ते नीट हिशेब मांडून पाहिले पाहिजे, कारण ह्या हिशेबात आपलेच पुष्कळ लोक चुकतात.

एक टेम्पो धरा, 20 क्विंटल कापूस मावणारा. वळशामुळे त्याचे भाडे हजार रुपयांनी वाढले असे समजा. क्विंटलमागे 50 रुपये झाले. आता एक गाव धरा, जिथे 2,000 क्विंटल कापूस पिकतो आणि त्यातला 400 क्विंटल शेतकरी स्वतः गाडी करून लांबच्या बाजारात नेतात. बाकीचा 1,600 क्विंटल गावातच खेडा खरेदीवाल्याच्या काट्यावर जातो. सरकारी माणसाला विचाराल तर तो म्हणेल, वळशाचे नुकसान 400 क्विंटलचे, म्हणजे 20 हजार रुपये. चूक. खेडा खरेदीवाला गावात भाव कसा सांगतो? बाजारातल्या भावातून गाडीभाडे, हमाली, घट आणि स्वतःचा नफा वजा करून सांगतो. बाजार 50 रुपयांनी लांब गेला की तो गावातला भाव 50 रुपयांनी उतरवतो, आणि तो सगळ्या 1,600 क्विंटलवर उतरतो. नुकसान झाले एक लाखाचे. ज्याने घराबाहेर चुंगडे काढले नाही त्याच्याही खिशातून ते गेले, आणि कशामुळे गेले हे त्याला कळलेसुद्धा नाही. त्याला वाटले, यंदा भाव पडला.

एवढ्यावरच थांबत नाही. दोन बाजार हाताशी असले की व्यापाऱ्याच्या मनात धाकधूक असते. अकोटला बोली कमी लागली तर माणूस उद्या गाडी अकोल्याला वळवील, हे त्याला माहीत असते. ही धाकधूक हीच आपली एकुलती एक ताकद आहे. रस्ता तुटला की ती संपते. मग घट किती कापायची, ओलावा किती धरायचा, 'माल कवडी आहे' म्हणून किती खाली यायचे, हे सारे एकाच बाजूने ठरते. वळशाचे 50 रुपये तरी मोजता येतात. ही दुसरी कापणी कोणत्याही पावतीवर येत नाही.

हमीभावाचे काय, असे कोणी विचारील. 2025-26 च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 8,110 रुपये आणि मध्यम धाग्याचा 7,710 रुपये जाहीर झाला. संकरित ज्वारीचा 3,699. उत्पादनखर्चाशी ह्या आकड्यांचा काय संबंध आहे ह्यावर आपण पुष्कळदा बोललो आहोत, आज तो विषय नाही. पण हमीभाव हा केंद्राच्या काट्यावरचा भाव असतो, वावरातला नसतो. वावरापासून केंद्रापर्यंत जे काही लागते ते त्यातूनच जाते. ओलावा 8 टक्क्यांच्या वर गेला की भाव कापला जातो, 12 च्या वर गेला की माल परत. अवकाळी पावसात वळशाच्या रस्त्यावर ताडपत्रीखाली रात्र काढलेल्या कापसाचा ओलावा किती भरतो ते ज्याने रात्र काढली त्याला विचारा.

ज्वारीचे तर आणखी वाईट. दाण्याचे ओझे तरी वाहता येते. कडबा हलका पण पसारा मोठा. गाडी भरते आणि वजन भरत नाही. शहरातल्या गोठ्यांना कडबा लागतो, तिथे त्याला गिऱ्हाईक आहे, पण भाडे वाढले की सगळ्यात आधी परवडेनासा होतो तो कडबा. मग तो गावातच पडेल भावात जातो नाहीतर धुऱ्यावर कुजतो. आमच्या भागातून ज्वारी का हटली ह्याची कारणे सांगताना लोक डुकरे सांगतात, पाखरे सांगतात, काळी पडणारी कणसे सांगतात. ती खरीच आहेत. त्यांत कडब्याची वाहतूक कोणी धरत नाही.

रेघ कोणासाठी ओढली

वऱ्हाडातल्या रस्त्यांचा आणि रेल्वेचा इतिहास म्हणजे कापसाचाच इतिहास. रेल्वे येण्याआधी अमरावतीचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे. 1861 ते 1865 ह्या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि साहेबाला वऱ्हाडची आठवण झाली. भुसावळहून नागपूरकडे लोहमार्ग आला. मुख्य मार्ग खामगावच्या बाजारापासून लांब पडला, म्हणून जलंबपासून खामगावपर्यंत सुमारे 13 किलोमीटरचा वेगळा फाटा टाकला आणि तो 1870 मध्ये सुरू झाला. बडनेऱ्यापासून अमरावतीचा फाटा असाच. पुढे मूर्तिजापूर-यवतमाळ आणि मूर्तिजापूर-अचलपूर ह्या शकुंतलेच्या अरुंद रुळांचे प्रयोजनही तेच.

साहेबाने हे आपल्या भल्यासाठी केले, असे म्हणणारा मूर्ख ठरेल. त्याला रुई मँचेस्टरला न्यायची होती आणि कापड करून परत आपल्याच गळ्यात मारायचे होते. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. रेघ ओढण्याआधी त्याने विचारले की कापसाच्या बंड्या कुठून येतात आणि कुठे जातात. लुटारूला लुटीचा माल कुठे आहे हे माहीत करून घ्यावेच लागते. आजच्या आखणीत तेवढीही चौकशी नाही. आज रेघ ओढली जाते ती दोन मोठ्या शहरांतला वेळ किती वाचेल ते पाहून. मधली गावे ही अडचण समजली जातात.

समृद्धी महामार्ग पाहा. जून 2025 मध्ये तो 701 किलोमीटरचा पुरा झाला. आपल्या दक्षिणेला कारंजा-मालेगावकडून जातो. उत्तम रस्ता आहे, आम्हाला नाकारायचे नाही. पण त्यावर ट्रॅक्टरला बंदी, बंडीला बंदी, दुचाकीला बंदी. ज्याच्या वावरातून तो गेला त्यालाच त्यावर पाय ठेवायची सोय नाही. आपल्याच धुऱ्यावर उभे राहून दुसऱ्याच्या मोटारी मोजायच्या, एवढाच काय तो त्याचा वाटा. आणि आता नागपूर ते गोवा शक्तिपीठ महामार्ग, सुमारे 800 किलोमीटरचा आणि 12 जिल्ह्यांतून जाणारा. 24 जून 2025 ला मंत्रिमंडळाने त्यासाठी 20,787 कोटी रुपयांच्या तरतुदीला मान्यता दिली. कोल्हापूर, सांगलीपासून नांदेड, परभणीपर्यंतचे शेतकरी विचारतात की नागपूरहून रत्नागिरीकडे जाणारा महामार्ग असताना त्याच्या सोबतीला हा दुसरा कशासाठी? प्रश्न सरळ आहे. देवीला आमचा दंडवत. पण यात्रेकरूच्या चार तासांसाठी एवढे कोटी निघतात आणि दोन बाजारपेठांमधला एक पूल म्हातारा होऊन तडकेपर्यंत थांबावे लागते, हा कोणता हिशेब आहे, हे देवीनेच सांगावे.

आठ मोटारींची बंडी

रस्ता किती रुंद करायचा, पूल कुठे आणि केवढा बांधायचा, हे वाहनांच्या मोजणीवरून ठरते. मोजणीत सगळ्या वाहनांना मोटारगाडीच्या मापात बसवतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 1990 च्या मार्गदर्शिकेत खेड्यांतल्या रस्त्यांसाठी हे माप दिले आहे: मोटारसायकल अर्धी मोटार, ट्रक तीन मोटारी, ट्रॅक्टर-ट्रॉली साडेचार, आणि बैलबंडी आठ मोटारी. वाचून कोणाला वाटेल, पाहा, आपल्या बंडीला केवढा मान! तसे नाही. बंडी आठ मोटारींचा माल वाहते म्हणून तिला आठ धरलेले नाही. ती आठ मोटारींएवढा रस्ता अडवते म्हणून आठ. त्या पुस्तकात आपण माल घेऊन चाललेले लोक नाही. आपण अडथळा आहोत. एकदा अडथळा ठरलो की आपल्याला बाजूला काढणे हीच सुधारणा होते.

तरीही त्याच संस्थेच्या 1972 च्या वाहतूक गणनेच्या मार्गदर्शिकेत एक चांगली गोष्ट लिहिलेली आहे. मोजणी वर्षातून दोनदा करावी, प्रत्येक वेळी सलग सात दिवस आणि रात्रंदिवस करावी, आणि दोहोंपैकी एक मोजणी पीक काढणीच्या आणि मालविक्रीच्या हंगामात करावी. हे कोणा शेतकरी पुढाऱ्याने लिहिलेले नाही, इंजिनिअरांनीच लिहिले आहे. आता आपण तालुक्याच्या ठिकाणी जाऊन एवढेच विचारायचे: आमच्या रस्त्याची मोजणी कोणत्या महिन्यात झाली? कापूस आणि तुरीच्या दिवसांत झाली की चैत्रात, रस्ता ओस असताना? रात्री ट्रॅक्टर जातात, ते मोजले का? ही माहिती माहितीच्या अधिकारात मागता येते. उत्तर यायला महिना लागतो, अर्जाला दहा रुपये.

पाण्याची वाट

जमिनीचे शास्त्र शिकण्यात आमची काही वर्षे गेली आहेत, म्हणून ह्या भागाकडे जरा थांबून पाहावे अशी विनंती आहे.

पूर्णेच्या दोन्ही काठांना खारपाणपट्टा पसरलेला आहे. अमरावती, अकोला आणि बुलडाणा मिळून साडेचार लाख हेक्टरांहून जास्त. माती खोल, काळी, चिकण. उन्हाळ्यात भेगा पडतात त्यांत हात कोपरापर्यंत जातो. पहिल्या पावसाचे पाणी ह्या भेगांतून आत शिरते. एकदा माती फुगून भेगा मिटल्या की पाणी जवळजवळ जिरतच नाही. त्यात मातीत सोडियम जास्त, त्यामुळे चिकणमातीचे कण सुटे होऊन छिद्रे बुजवतात. अशा जमिनीत पाणी खाली जात नाही. ते उताराने निघून गेले पाहिजे. उताराची वाट अडली तर ते उभे राहते, उन्हाने आटते आणि मागे खार फुटतो.

आता ह्या जमिनीवर चार-पाच फूट उंच भराव टाकून रस्ता नेला की काय होते? रस्ता उताराच्या दिशेने गेला तर फारसे बिघडत नाही. आडवा गेला तर तो बांध होतो. वरच्या अंगाला दोन-तीन दिवस पाणी तुंबले की पऱ्हाटीच्या मुळांना हवा मिळत नाही, झाड मान टाकते, पात्या गळतात. ज्वारी थोडी जास्त सोसते, पण तीही तांबूस पडून खुरटते. खालच्या अंगाला उलटेच: जिथे पूर्वी पाणी पसरून जायचे तिथे ते एका मोरीच्या तोंडातून जोराने निघते आणि एकाच माणसाचे वावर खरवडून नेते. त्या माणसाची गुंठाभर जमीनसुद्धा रस्त्यात गेलेली नसते, म्हणून त्याला नुकसानभरपाईच्या यादीत जागा नाही.

आपल्या जुन्या गाडवाटा पाहा. त्या वाकड्यातिकड्या दिसतात, इंजिनिअरला त्यांचे हसू येते. पण वाकड्या का, तर त्या दोन नाल्यांमधल्या माथ्यावरून जातात. पावसाळ्यात काळ्या मातीत बंडी आसापर्यंत रुतते हे ज्यांना माहीत होते त्यांनी त्या पाडल्या. पूर्णेच्या दोन्ही अंगांनी उतार नदीकडे आहे, त्यामुळे अकोला-अकोटसारखी दक्षिणोत्तर वाट ढोबळमानाने पाण्याच्या सोबत चालते. तिला खरी एकच आडकाठी, पूर्णा. पूर्व-पश्चिम जाणारे रस्ते मात्र सातपुड्यातून येणारा प्रत्येक नाला कापतात. तिथे मोऱ्या किती आणि कुठे, हा जीवनमरणाचा प्रश्न आहे. कागदावर मोऱ्या ठरावीक अंतराने बसवलेल्या सुबक दिसतात. नाला काही ठरावीक अंतराने वाहत नाही. आणि कोरड्या दिवसांत पाहणी करणाऱ्याला काळ्या रानातला नाला दिसतही नाही, कारण तो नांगरलेला असतो. तो फक्त त्या धुऱ्यावरच्या म्हाताऱ्याला माहीत असतो, आणि म्हाताऱ्याला कोणी विचारत नाही.

म्हणून आमचे म्हणणे आहे की मुख्य रस्त्याची आखणी भर पावसाळ्यात, गावचा माणूस बरोबर घेऊन पायी फिरून तपासली पाहिजे. उपग्रहाचे चित्र घ्या, ड्रोन उडवा, आमची हरकत नाही. पण श्रावणात एकदा चिखलात पाय घाला.

पुलाचेही तसेच. मोठा पूल बंद झाला की नदीपात्रात कमी उंचीचा पूल टाकून वेळ मारून नेतात. असा रपटा उन्हाळ्यात उपयोगी असतो. पूर आला की पाण्याखाली जातो, आणि पूर जून ते सप्टेंबरात येतो, म्हणजे बियाणे, खत आणि फवारणीची औषधे आणायच्या दिवसांत. त्या दिवसांत नदीपलीकडच्या दुकानदाराला आपले गिऱ्हाईक बांधून दिल्यासारखेच होते. रेल्वे आहे ना, असेही सांगितले जाते. अकोला-अकोट मीटरगेज 2017 च्या सुरुवातीला बंद पडली आणि ब्रॉडगेजची गाडी धावायला नोव्हेंबर 2022 उजाडला. माणसांची सोय झाली, पोरांची कॉलेजे सुरू राहिली, चांगले झाले. कापसाची चुंगडी पॅसेंजर गाडीत चढत नाहीत.

तुकडा पडला त्याचे काय

रस्त्याला जमीन द्यायची वेळ येते तेव्हा आपले लक्ष एकाच आकड्यावर असते, एकरी किती. ते स्वाभाविक आहे. 2013 च्या भूसंपादन कायद्यातील मोबदल्याच्या तरतुदी राष्ट्रीय महामार्गांना 2015 पासून लागू झाल्या, आणि महामार्गासाठी घेतलेल्या जमिनीवर दिलासा रक्कम आणि व्याज नाकारता येणार नाही असे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये सांगितले. ह्या गोष्टी वकील सांगतातच. आम्ही दुसरी सांगतो.

पाच एकरांच्या वावरातून रस्ता तिरपा गेला. पाऊण एकर रस्त्यात गेले. एका बाजूला तीन एकर राहिले, दुसऱ्या बाजूला सव्वा एकराचे त्रिकोणी टोक. त्या टोकात वखर वळत नाही, ट्रॅक्टर वळत नाही, विहीर ह्या बाजूला आणि पऱ्हाटी त्या बाजूला. वेचणीच्या बायांनी डोक्यावर गाठोडे घेऊन भरधाव ट्रकांच्या मधून पलीकडे यायचे. मोबदला मिळाला पाऊण एकराचा. कामातून गेले दोन एकर.

हे नुकसान कायद्याला माहीत नाही असे नाही. राष्ट्रीय महामार्ग अधिनियम 1956, कलम 3-जी, पोटकलम 7: जमिनीचा तुकडा उरलेल्या जमिनीपासून तुटल्यामुळे होणारे नुकसान विचारात घ्यावे, असे तिथे स्पष्ट लिहिले आहे. 2013 च्या कायद्यात कलम 28 मध्ये हेच आहे, 1894 च्या जुन्या कायद्यातही होते. सव्वाशे वर्षे पुस्तकात आहे आणि पंचनाम्यात येत नाही, कारण आपण ते लिहून मागत नाही. मोजणीला माणूस आला की आपण चहा पाजतो आणि झाडे मोजून घेतो. तुटलेल्या टोकाचा नकाशा त्याच दिवशी काढून, त्यावर विहीर, पांदण आणि पाण्याची दिशा दाखवून लेखी द्या आणि पोच घ्या.

दुसरे, मुदत. महामार्गासाठी कलम 3-ए ची अधिसूचना निघाली की कलम 3-सी प्रमाणे हरकतीला 21 दिवस मिळतात. एकवीस. अधिसूचनेचा मजकूर वर्तमानपत्रात येतो, गट नंबरांच्या बारीक अक्षरांतल्या रांगांत, नकाशा नसतो. ज्याच्या घरी पेपर येत नाही त्याला बावीसाव्या दिवशी कळते. ज्याला रेघ कागदावर उमटण्याआधीच कळते असाही एक वर्ग आहे. फाट्याजवळची पडीक जमीन आखणीच्या आदल्या वर्षी कोणी आणि का घेतली, ह्याचे फेरफार तलाठ्याकडे असतात. ते काढून पाहणे मनोरंजक ठरेल.

पांदणीचे सांगायचे राहिले. शेतकऱ्याने शेतकऱ्याची वाट अडवली तर मामलेदार कोर्ट कायदा 1906 आहे, जमीन महसूल संहिता 1966 चे कलम 143 आहे, तहसीलदार पोलीस घेऊन वाट मोकळी करून देतो. पण महामार्गाच्या भरावाने सात गावांच्या पांदणी अडवल्या तर तहसीलदार हात वर करतो. नोव्हेंबर 2021 मध्ये राज्याने मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना काढली. पांदणीला मुरूम पडावा हे आम्हाला हवेच आहे. पण एका हाताने पांदण बांधायची आणि दुसऱ्या हाताने तिच्या तोंडावर भिंत घालायची, ह्याला योजना म्हणत नाहीत. रस्ता जिथे पांदण कापील तिथे भरलेली बंडी, कडब्यासकट, खालून जाईल एवढी उंच मोरी हवी. कडब्याची बंडी किती उंच असते हे मोजून लिहून द्या. कार्यालयात ते कोणाला माहीत नसते.

इतके बोलल्यावर कोणीतरी म्हणणारच की तुम्ही विकासाच्या आड येता. ज्यांना असे वाटते त्यांना जानेवारी 1980 ची आठवण द्यावी. पुणे जिल्ह्यात चाकणच्या कांद्याचे आंदोलन उभे राहत होते, आणि त्याच दिवसांत शरद जोशींबरोबर भामा नदीच्या खोऱ्यातले शेतकरी वांद्र्यापासून चाकणपर्यंत 64 किलोमीटर पायी चालत आले. मागणी एकच होती, रस्ता करा. कांदा पिकतो पण बाजारात नेता येत नाही, ही त्यांची तक्रार. बायाबापड्या, पोरे कडेवर, थंडीचे दिवस. ह्या देशात रस्ता मागण्यासाठी शेतकरी जितका चालला तितका कोणी चालला नसेल. आम्हाला रस्ता हवा आहे, रुंद हवा आहे, पक्का हवा आहे. वावर ते बाजार आणि बाजार ते बाजार असा हवा आहे. त्यासाठी जमीन द्यायलाही आम्ही तयार आहोत, योग्य मोबदल्यात.

आपल्यातही एकमत नाही, हे मान्य करू. चोहोट्ट्यासारख्या गावात रस्ता बाजारातून न्यावा की बाहेरून, ह्यावर भाऊ भावाशी भांडतो. बाहेरून नेला तर ट्रक सुसाट जातील, अपघात कमी होतील. पण बाजाराच्या कडेला वांगी-मिरची विकणाऱ्या बाईचे गिऱ्हाईक जाईल आणि बाहेरच्या जमिनीला प्लॉटचा भाव येईल. आमचे मत असे की जड वाहने बाहेरून आणि जुना रस्ता दुरुस्त होऊन गावाकडेच राहावा, आणि बाहेरच्या रस्त्याला जागोजागी चढायला-उतरायला वाट असावी. ज्यांचे मत वेगळे असेल त्यांनी बैठकीत सांगावे, ओरडून सांगावे. प्लॉट पाडायच्या आशेवर बसलेल्यांनीही सांगावे, फक्त तसे आहे हे आधी सांगून.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने काय आणायचे ते ठरलेले आहे. गाव नकाशाची एक प्रत, तलाठ्याकडून मिळते. तिच्यावर निळ्या पेन्सिलीने पावसाळ्यात पाणी कुठून कुठे जाते ते, आणि तांबड्याने पांदणी. हे काम पंचवीस वर्षांच्या पोराकडे आणि सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याकडे मिळून द्या, एकट्या कोणाकडे नको. पुलापाशी किंवा फाट्यावर वाहनांची मोजणी आपण स्वतः करायची आहे, वेचणी भरात असताना, सलग सात दिवस, रात्रंदिवस. बंडी, ट्रॅक्टर, टेम्पो, ट्रक, मोटार, मोटारसायकल असे रकाने पाडलेली वही तालुका कार्यालयातून मिळेल. बंडीत काय भरले आहे तेही लिहा. त्याचा रकाना सरकारी वहीत नसतो, आपल्या वहीत आहे. आठ-आठ तासांच्या पाळ्या लावाव्यात. रात्रीच्या पाळीला दोघेजण असावेत, टॉर्च आणि घोंगडी घरून आणावी, शेकोटी रस्त्यापासून लांब पेटवावी.